जीन रिपोर्टमधली कोणती ओळ उपचार बदलते? लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरबद्दल एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६६ वर्षांचे आहेत. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर स्नायूच्या थरात शिरलेला आहे, पण स्कॅनमध्ये तो इतरत्र पसरलेला दिसत नाही. दुर्बिणीतून खरवडून काढलेल्या गाठीवर मोठं जीन पॅनेल झालं. रिपोर्टमध्ये एफजीएफआर-३ चा एस२४९सी हा बदल, ईआरसीसी-२ मध्ये एक बदल आणि टर्ट प्रमोटरचा बदल आला. ट्यूमर म्युटेशनल बर्डन (गाठीतल्या जनुकीय बदलांची संख्या) १४, पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला आवर घालणारं प्रथिन) चा सीपीएस हा गुणांक १२, मायक्रोसॅटेलाइट (डीएनएमधले पुनरावृत्त तुकडे) स्थिर. मुलगी विचारते: एफजीएफआरवर गोळी निघाली आहे, मग केमो कशाला? ईआरसीसी-२ असेल तर केमो उत्तम लागू पडते असं वाचलं, मग पिशवी काढायचं ऑपरेशन टाळता येईल का? पीडी-एल१ चांगला आहे, मग थेट इम्युनोथेरपी द्यावी का? आणि आम्हा भावंडांना धोका किती?

निर्णय जवळ आला असेल, म्हणून आधी सरळ उत्तरं. गोळी आत्ता नाही. मूत्रपिंडं साथ देत असतील तर सिस्प्लॅटिन असलेली केमो आधी घ्या आणि तिच्यासोबत इम्युनोथेरपीची चर्चा करा. ईआरसीसी-२ च्या एका ओळीवर विसंबून ऑपरेशन रद्द करू नका. भावंडांच्या धोक्याबद्दल हा रिपोर्ट पुरेसं सांगत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. आता यामागची कारणं सांगतो. तुमच्या डॉक्टरांशी बोलताना ती हाताशी असलेली बरी.

असे रिपोर्ट वाचताना मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतो: या ओळीमुळे या रुग्णाचा, या टप्प्यावरचा उपचार बदलतो का? काही बदल आजाराचा स्वभाव सांगतात, म्हणजे तो सौम्य आहे की आक्रमक. काही बदल एखादं ठरावीक औषध लागू पडेल का ते सांगतात. या दोन गोष्टींची गल्लत सतत होते, डॉक्टरांकडूनही होते. टर्ट प्रमोटरचंच बघा. मूत्रमार्गाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये बहुतांश गाठींत हा बदल सापडतो, अगदी सुरुवातीच्या बारीक गाठींतही. लघवीतून रोग ओळखायच्या चाचण्यांत त्याचा उपयोग होतो. पण त्यावर औषध नाही, आणि तो असल्याने कुठलं औषध निवडायचं हे ठरत नाही. रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात छापलेला असला तरी तुमच्या निर्णयात त्याला जागा नाही.

एफजीएफआर-३ ची गोष्ट वेगळी आहे. हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक ग्राहक प्रथिन. बाहेरून संदेश आला की अशी दोन प्रथिनं जोडीने जवळ येतात आणि पेशीला वाढीचा हुकूम मिळतो. एस२४९सी या बदलात प्रथिनाच्या बाहेरच्या भागात सेरीनच्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल बसतं. सिस्टीनला दुसऱ्या सिस्टीनशी गंधकाचा बंध करता येतो, त्यामुळे दोन प्रथिनं संदेशाविनाच एकमेकांना कायमची जखडली जातात आणि वाढीचा हुकूम चालूच राहतो. आर२४८सी, जी३७०सी, वाय३७३सी या बदलांतही मुळात हेच घडतं. याखेरीज एफजीएफआर-३ आणि टीएसीसी-३ या जनुकांचं एकत्र जुळणं, म्हणजे फ्यूजन, हाही त्याच घराण्यातला बदल.

मेख अशी की हा बदल सर्वांत जास्त आढळतो तो सौम्य, वरवरच्या, पुन्हापुन्हा उगवणाऱ्या पण क्वचितच जिवावर उठणाऱ्या गाठींमध्ये. तिथे निम्म्याहून अधिक गाठींत तो असतो. शरीरभर पसरलेल्या रोगात हे प्रमाण साधारण पाचात किंवा सहात एक इतकं उतरतं. मूत्रपिंडाच्या नरसाळ्यात आणि मूत्रवाहिनीत उगवणाऱ्या कॅन्सरमध्ये तो पिशवीपेक्षा जास्त सापडतो. म्हणून नुसतं ‘एफजीएफआर-३ आहे’ असं कळून मला आनंदही होत नाही आणि धसकाही बसत नाही. रोग कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी बघावं लागतं.

यावरची गोळी एर्डाफिटिनिब. २०१९ मध्ये अमेरिकेत तिला तात्पुरती मान्यता मिळाली, कारण पसरलेल्या आणि केमो होऊन गेलेल्या रोगात दहापैकी तीन ते चार रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या होत्या. नंतरच्या थॉर या चाचणीत, इम्युनोथेरपी होऊन गेलेल्या रुग्णांत, केमोच्या तुलनेत मध्यम आयुष्यमान ७.८ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेलं आणि जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. याच चाचणीचा दुसरा गट मात्र फार कमी लोक सांगतात. इम्युनोथेरपी अजून न घेतलेल्यांना एकीकडे ही गोळी आणि दुसरीकडे पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, तेव्हा आयुष्यमानात फरक पडला नाही: १०.९ आणि ११.१ महिने. म्हणजे योग्य जनुक आणि नेमकी गोळी असूनही ती आधी दिल्याने फायदा झाला नाही. मान्यतेतही तसंच लिहिलं आहे की जे इम्युनोथेरपीला पात्र आहेत आणि ज्यांनी ती अजून घेतलेली नाही, त्यांना ही गोळी आधी देऊ नये.

तुमच्या वडिलांचा रोग पसरलेला नाही. रोग बरा करण्याच्या हेतूने ऑपरेशनआधी ही गोळी द्यावी असं दाखवणारा भक्कम पुरावा हातात नाही. रिपोर्टची ही ओळ जपून ठेवा. पुढे कधी रोग परतला आणि पहिले उपचार संपले, तर तीच सर्वांत मोलाची ठरू शकते. ती वेळ आलीच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. या गोळीने रक्तातलं फॉस्फेट वाढतं. ते औषध ठिकाणावर पोचल्याचं लक्षणही आहे, म्हणूनच दोन-तीन आठवड्यांनी फॉस्फेट बघून डोस ८ वरून ९ मिलिग्रॅम करायचा का ते ठरवतात. दुसरं, डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचू शकतं, त्यामुळे डोळ्यांची तपासणी आधी आणि नंतर नियमित करावी लागते. नखं सुटणं आणि तोंड येणं ऐकायला किरकोळ वाटतं, पण अनेकांची गोळी बंद होते ती त्यापायीच.

आता ईआरसीसी-२. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमधली आजच्या घडीला सर्वांत अर्थपूर्ण ओळ हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

सिस्प्लॅटिन डीएनएच्या धाग्यांना प्लॅटिनमचे टाके घालतं. पेशीकडे हे टाके उसवणारी दुरुस्तीची यंत्रणा असते. तिच्यात ईआरसीसी-२ जनुकाचं प्रथिन डीएनएची पीळदार दोरी तेवढ्या जागी उलगडून देतं, मग खराब तुकडा कापून तिथे नवा भरला जातो. ट्यूमरमध्ये हे जनुक बिघडलेलं असेल तर पेशीला टाके उसवता येत नाहीत आणि ती मरते. २०१४ मध्ये ५० रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. केमोनंतर काढलेल्या पिशवीत स्नायूत शिरलेला रोग उरलाच नव्हता असे २५, आणि उरला होता असे २५. पहिल्या गटात ९ जणांच्या गाठीत ईआरसीसी-२ चे बदल होते, दुसऱ्यात एकाच्याही नाही. पुढे दुसऱ्या केंद्रातल्या रुग्णांतही हाच कल दिसला. एटीएम, आरबी-१ आणि एफएएनसीसी या जनुकांबद्दलही असंच निरीक्षण २०१५ मध्ये आलं. पिशवीच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिनला मिळणाऱ्या प्रतिसादाशी जोडलेला, जैविक कारण स्पष्ट असलेला आणि पुन्हा सिद्ध झालेला दुवा म्हणून मी ईआरसीसी-२ ला सर्वांत वर ठेवतो.

तरीही तीन अटी आहेत. पहिली, बदल कुठला आहे ते बघा. प्रथिनाच्या उलगडणाऱ्या भागात, ज्याला हेलिकेज डोमेन म्हणतात, तिथे अमिनो आम्ल बदललेलं असेल तर कार्य बिघडलं असण्याची शक्यता मोठी असते. अन्यत्र असलेला, ‘महत्त्व अनिश्चित’ असं लिहिलेला बदल तुम्ही ‘ईआरसीसी-२ पॉझिटिव्ह’ म्हणून मोजू नका. दुसरी, हा फायदा सिस्प्लॅटिनचा आहे. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात ते सांगणारा आकडा, ६० च्या खाली असेल, कानांना ऐकू कमी येत असेल, हातापायांच्या नसा आधीच बधिर असतील किंवा हृदय दुबळं असेल, तर अनेकदा कार्बोप्लॅटिनचा विचार पुढे येतो. ते पिशवीच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिनच्या तोडीचं नाही. गाठीमुळे मूत्रवाहिनी तुंबून मूत्रपिंडाला सूज आली असेल तर स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून आधी लघवीला वाट करून द्यावी. असं केल्यावर कित्येकांची मूत्रपिंडं सुधारतात आणि सिस्प्लॅटिन देता येतं. जीन रिपोर्टवर तासभर बोलणं होतं आणि ही नळी टाकायची राहून जाते, हे बघून मला वाईट वाटतं.

तिसरी अट तुमच्या मूळ प्रश्नाची आहे. ईआरसीसी-२ असेल आणि केमोनंतर दुर्बिणीतून काही दिसलं नाही, तर पिशवी ठेवता येईल का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर प्रयोगही झाले. रिटेन नावाच्या चाचणीत ईआरसीसी-२, एटीएम, आरबी-१ आणि एफएएनसीसी यांपैकी कशात तरी बदल असलेल्या आणि केमोनंतर रोग न दिसणाऱ्या रुग्णांना ऑपरेशनऐवजी काटेकोर देखरेखीखाली ठेवलं. आधी ठरवलेला यशाचा निकष ती गाठू शकली नाही. देखरेखीवरच्या बऱ्याच रुग्णांत रोग परतला, जास्त करून पिशवीतच. काहींची पिशवी खरोखर वाचली, हेही खरं. पण आज निवडीचं साधन म्हणून हे जनुक पुरेसं नाही. दुर्बिणीला, स्कॅनला आणि पुन्हा घेतलेल्या तुकड्याला न दिसणारा रोग स्नायूत दडून राहतो. पिशवी वाचवायचीच असेल तर जनुकावर भिस्त न ठेवणारा, जास्त जुना आणि जास्त तपासलेला मार्ग आहे. गाठ शक्य तितकी पूर्ण खरवडून काढायची आणि मग केमोसोबत रेडिएशन द्यायचं. गाठ एकच आणि लहान असेल, मूत्रपिंड तुंबलेलं नसेल आणि पिशवीभर वरवरचा कॅन्सर पसरलेला नसेल, तर या मार्गाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. ऑपरेशनची भीती वाटणाऱ्या रुग्णासमोर हा पर्याय ठेवलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

एकेका जनुकाऐवजी अनेक जनुकांच्या एकत्रित कामावरून केमोचा प्रतिसाद ओळखायचा प्रयत्नही झाला. कॉक्सेन नावाचा गुणांक बनवला गेला, मोठ्या चाचणीत तपासला गेला आणि कुठली केमो कोणाला चालेल हे सांगण्यात तो कमी पडला. गाठींचं ‘ल्युमिनल’, ‘बेसल’ असं आण्विक वर्गीकरणही आहे. २०२० मध्ये संशोधकांनी एकमताने सहा वर्ग ठरवले. रोगाचं जीवशास्त्र समजायला ते फार मोलाचे आहेत, पण वर्ग बघून औषध निवडावं अशी स्थिती नाही. चेतापेशींसारख्या दिसणाऱ्या, लहान पेशींच्या प्रकाराला मात्र वेगळी केमो लागते, आणि तो प्रकार अनुभवी पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखतो. म्हणून मी जीन रिपोर्टच्या आधी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट वाचतो. प्लाझ्मासायटॉइड, मायक्रोपॅपिलरी, सार्कोमॅटॉइड हे आक्रमक प्रकार सांगणारे शब्द त्यात आहेत का ते तुम्हीही बघा.

पीडी-एल१ वर लोकांचा भरवसा फार आहे, म्हणून त्याचा इतिहास सांगतो. अॅटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या मोठ्या चाचणीत मुद्दाम पीडी-एल१ जास्त असलेले रुग्ण मुख्य गट म्हणून घेतले होते. कल्पना अशी की त्यांच्यात केमोवर मात होईल. तसं झालं नाही. ज्यांचा पीडी-एल१ जास्त, त्यांच्यात केमोही चांगली चालली. इथे पीडी-एल१ आजाराचा स्वभाव सांगत होता, औषधाची निवड सांगत नव्हता. याउलट पेम्ब्रोलिझुमॅबने २०१७ मध्ये केमो होऊन गेलेल्या रुग्णांत आयुष्यमान ७.४ वरून १०.३ महिन्यांवर नेलं, आणि तो फायदा पीडी-एल१ कितीही असो, दिसला. त्यात मोजण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या. कुठे फक्त प्रतिकारक पेशी मोजतात, कुठे ट्यूमर पेशी आणि प्रतिकारक पेशी मिळून सीपीएस काढतात. अँटीबॉडी बदलली की आकडा बदलतो. त्यामुळे एका प्रयोगशाळेतला १२ आणि दुसरीकडचा ‘५ टक्के’ यांची तुलना करू नका.

तुमच्या वडिलांसाठी सीपीएस १२ चा व्यावहारिक अर्थ फारसा नाही, आणि ही चांगली बातमी आहे. नायगारा चाचणीत सिस्प्लॅटिन-जेमसिटाबिन या केमोसोबत ड्युरवालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, ऑपरेशननंतरही ते चालू ठेवलं. दोन वर्षांनी रोग न परतता किंवा न वाढता असलेल्यांचं प्रमाण ५९.८ वरून ६७.८ टक्के झालं, हयात असलेल्यांचं ७५.२ वरून ८२.२ टक्के. रुग्ण पीडी-एल१ बघून निवडले नव्हते. इम्युनोथेरपी एकटी, केमोच्या ऐवजी द्यावी का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: सिस्प्लॅटिन चालत असेल तर ती सोबत द्यावी, सिस्प्लॅटिन सोडून नव्हे. ट्यूमर म्युटेशनल बर्डनचंही असंच. बदलांची संख्या जास्त असलेल्या गाठींत इम्युनोथेरपीचा प्रतिसाद सरासरीने बरा असतो, पण या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी त्या आकड्याविनाच मान्य आहे, त्यामुळे १४ असो वा ४, पहिला निर्णय बदलत नाही.

पसरलेल्या रोगात चित्र २०२३ च्या अखेरीपासून पालटलं आहे. एनफोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या जोडीने केमोच्या तुलनेत मध्यम आयुष्यमान १६.१ वरून ३१.५ महिन्यांवर नेलं. या रोगात इतकी मोठी झेप मी माझ्या उमेदीच्या काळात पाहिली नव्हती. एनफोर्टुमॅब हे पेशीवरच्या नेक्टिन-४ ला चिकटून विष आत सोडणारं औषध आहे. मग नेक्टिन-४ तपासून औषध द्यावं का? पेशीवर ते इतक्या सर्रास असतं की तपासून निवड केल्याने फायदा दिसला नाही. एक वेगळं निरीक्षण लक्षवेधी आहे: नेक्टिन-४ जनुकाच्या प्रतीच वाढलेल्या असतील तर एकट्या एनफोर्टुमॅबचा प्रतिसाद फार उंच दिसला, ९६ टक्के, आणि प्रती न वाढलेल्यांत ३२ टक्के. सुमारे चौथाई रुग्णांत अशी वाढ होती. हा अभ्यास जुन्या नोंदींवरचा होता. त्यावरून ३२ टक्क्यांच्या गटाला औषध नाकारणं चूक ठरेल.

हर-२ या पेशीवरच्या वाढीच्या प्रथिनाची तपासणी पसरलेल्या रोगात मी आता मागतोच. ती साधी, ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावर, रंग चढवून होणारी चाचणी आहे. ३+, म्हणजे रंग सर्वांत गडद, असेल तर ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकनला २०२४ पासून अमेरिकेत कुठल्याही अवयवाच्या गाठीसाठी, आधीचे उपचार संपल्यावर, मान्यता आहे.

इतर काही नावं रिपोर्टमध्ये ‘औषध उपलब्ध’ अशा शेऱ्यासह येतात, तिथे सावध राहा. स्तन आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये कामाला आलेली, डीएनएची दुरुस्ती अडवणारी पार्प-रोधक औषधं इथे तशी चालली नाहीत. पसरलेल्या रोगात रुकापरिबची चाचणी फायदा न दिसल्याने थांबवावी लागली. टीएससी-१ या जनुकाची कथाही बोलकी आहे. २०१२ मध्ये एव्हरोलिमस हे औषध घेतलेल्या एका रुग्णाचा रोग नाहीसा झाला आणि बराच काळ परतला नाही; कारण शोधल्यावर गाठीत टीएससी-१ बिघडलेलं सापडलं. पण पुढे त्यावरून सर्वांना लागू पडेल असा उपचार उभा राहिला नाही. एका विलक्षण रुग्णावरून पुढच्या रुग्णाला शब्द देता येत नाही.

आता ज्या चाचणीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जी तुमच्या वडिलांच्या बाबतीत ऑपरेशननंतर सर्वांत जास्त उपयोगाची ठरू शकते, तिच्याबद्दल. रक्तात फिरणारा ट्यूमरचा डीएनए, म्हणजे सीटीडीएनए. गाठीच्या तुकड्यातले तिचे खास बदल आधी ओळखतात, आणि मग रुग्णाच्या रक्तात नेमके तेच बदल शोधतात. ऑपरेशननंतर ते सापडले तर शरीरात कुठेतरी रोग शिल्लक आहे, स्कॅनला दिसत नसला तरी.

ऑपरेशननंतर सरसकट सर्वांना अॅटेझोलिझुमॅब दिलं तेव्हा फायदा दिसला नव्हता. त्याच चाचणीतले साठवलेले रक्ताचे नमुने नंतर तपासले. ५८१ पैकी २१४ जणांत सीटीडीएनए होता, आणि त्या गटात औषध घेतलेले जास्त जगले. ज्यांच्यात तो नव्हता, त्यांना औषधाने काहीच मिळालं नव्हतं. मग हीच कल्पना मुद्दाम आखलेल्या चाचणीत पारखली. ऑपरेशननंतर वर्षभर ठरावीक अंतराने रक्त तपासलं. स्कॅन स्वच्छ पण रक्तात डीएनए सापडलेल्या २५० जणांना अॅटेझोलिझुमॅब किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं दिखाऊ औषध, दिलं. २०२५ मध्ये निकाल आले. रोग न परतता गेलेला मध्यम काळ ४.८ वरून ९.९ महिने झाला, एकूण आयुष्यमान २१.१ वरून ३२.८ महिने. ज्यांचं रक्त सतत स्वच्छ राहिलं, त्यांना औषध दिलंच नाही, आणि दोन वर्षांनी त्यांच्यापैकी ८८ टक्के रोगमुक्त होते.

एकच औषध, सर्वांना दिलं तेव्हा अपयशी, योग्य माणसं निवडल्यावर आयुष्य वाढवणारं. बायोमार्करकडून माझी अपेक्षा ही आहे. तो औषध कोणाला द्यायचं ते सांगतो, आणि तितक्याच विश्वासाने कोणाला नको तेही. इम्युनोथेरपीने आयुष्यभरासाठी थायरॉइड, अॅड्रिनल किंवा स्वादुपिंड निकामी होऊ शकतं, त्यामुळे ‘नको’ हे उत्तरही रुग्णाच्या पदरात काहीतरी टाकतं. त्यासाठी तुम्ही आत्ता एक काम करा. पहिल्या गाठीचा ब्लॉक कुठे आहे ते विचारून तो सांभाळा. केमोनंतर पिशवीत रोग उरलाच नाही तर पुढे तपासायला ट्यूमर मिळणार नाही, आणि रक्तातली चाचणी बांधायला हाच तुकडा लागेल.

नमुन्याबद्दल आणखी थोडं, कारण अर्धे घोळ तिथे होतात. दुर्बिणीतून काढताना विजेच्या तारेने कडा जळतात, आणि जळलेल्या तुकड्यातून डीएनए धड निघत नाही. पॅथॉलॉजिस्टने सर्वांत जास्त ट्यूमर पेशी असलेला भाग खुणेने दाखवून दिला पाहिजे. हाडातून तुकडा घेतला असेल तर तो मऊ करायला वापरलेलं आम्ल डीएनए खाऊन टाकतं, हे प्रयोगशाळेला आधी सांगावं लागतं. नुसतं डीएनए तपासणारं पॅनेल काही फ्यूजन चुकवतं, आरएनए तपासणी ती पकडते, म्हणून पसरलेल्या रोगात एफजीएफआर ‘नाही’ आला तर ‘फ्यूजन तपासलं का’ हे विचारा. आणि फक्त रक्तावर पॅनेल केलं असेल तर वय वाढताना रक्तपेशींतच जमणारे बदल, डीएनएमटी-३ए, टीईटी-२ आणि कधीकधी एटीएमसुद्धा, ट्यूमरचे म्हणून रिपोर्टमध्ये शिरतात. सोबत पांढऱ्या पेशींचा डीएनए तपासला की हा घोटाळा मिटतो.

शेवटी भावंडांचा प्रश्न. वडिलांच्या गाठीत सापडलेला एफजीएफआर-३ किंवा टर्टचा बदल त्या गाठीतच घडलेला असतो, तो तुमच्यात येत नाही. ईआरसीसी-२ चा बदलही बहुधा तसाच. पण ‘बहुधा’वर थांबू नका. मूत्रमार्गाच्या कॅन्सरच्या रुग्णांची जन्मजात जनुकं तपासली तेव्हा एका मोठ्या केंद्रात १४ टक्क्यांमध्ये रोगाशी जोडलेला वारशाचा बदल सापडला. तो रक्त किंवा लाळ घेऊन वेगळ्या चाचणीने बघतात, आणि आधी जनुकीय समुपदेशकाशी बोलावं. मूत्रपिंडाच्या नरसाळ्यात किंवा मूत्रवाहिनीत कॅन्सर असेल, साठीच्या आत झाला असेल, किंवा घरात आतड्याचा वा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असेल, तर लिंच सिंड्रोम, म्हणजे अशा कॅन्सरांचा वारशाने येणारा धोका, यासाठी ही तपासणी टाळूच नये. त्यात एमएसएच-२ हे जनुक मूत्रमार्गाच्या बाबतीत विशेष जोखमीचं. वडिलांचा मायक्रोसॅटेलाइट स्थिर आहे, त्यामुळे लिंचची शक्यता खाली येते, आणि ती बाब समुपदेशकाला सांगा.

तोवर भावंडांपैकी कोणी तंबाखू ओढत असेल तर तो धोका बहुतेक घरांत वारशाच्या जनुकांपेक्षा मोठा असतो. आणि कोणालाही, एकदाच का होईना, न दुखता लघवीतून रक्त दिसलं, तर ते आपोआप थांबलं म्हणून सोडून देऊ नका. सोनोग्राफी, लघवीतल्या पेशींची तपासणी आणि दुर्बिणीची तपासणी यांसाठी त्याच आठवड्यात यूरोलॉजिस्टकडे जा.